राणीच्या नाकातली नथ

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. फ्रान्सच्या एका राणीचं चरित्र. विभावरीताई लग्न होऊन दुबईला आल्या, तेव्हा पुण्याहून साड्यांच्या घडीत मला घेऊन आल्या.

माझ्या मुखपृष्ठावर राणीच्या गळ्यात टपोऱ्या हिऱ्यांचा हार आहे. सिनेमावालेही तिला हिऱ्यांनी मढवूनच दाखवतात. पण तो हार तिने घेतलाच नव्हता. ठगांनी तिच्या नावावर तो लाटला आणि बोल मात्र तिला लागला. माझ्या एकशे बाराव्या पानावर हे छापलं आहे. ते वाचताना ताईंचे डोळे भरून येत. "बिचारी! नुसत्या संशयावर!" त्या म्हणत.

गेल्या जूनच्या अखेरीस त्यांच्या नातीने, सृष्टीने, आजीची मोत्यांची नथ आणून त्याच पानासमोरच्या चित्रातल्या राणीच्या नाकावर ठेवली.

"क्वीनला नथ! सो क्यूट!"

"यल्ला, चल सृष्टी, फ्लाइट चुकेल!" तिच्या बाबांनी हाक मारली. तिने मला फटकन मिटून कपाटात सरकवलं आणि ती सुट्टीसाठी पुण्याला गेली.

दोन दिवसांनी एका लग्नाला निघताना ताईंना नथ सापडेना.

"नथीची डबी तूच पुसतेस ना गं?" त्यांनी मरियमबीला विचारलं. रत्नागिरीची मरियमबी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती.

"अकरा वर्षं तुमच्या घरात राबतेय, ताई. घ्या माझी झडती."

ताईंनी खरंच तिची पिशवी जमिनीवर उलटी केली. चष्मा, रिकामा डबा, नमाजानंतर जपायची तसबीहची माळ. मरियमबीने एकेक वस्तू उचलली, घराची किल्ली ओट्यावर ठेवली. "खलास, ताई."

मी दोन हातांवर होतं, मित्रांनो. मोती माझ्या पानांत रुतत होते आणि मला तोंड नव्हतं. मुखपृष्ठावर खोटा हार मिरवणारं मी, खरी नथ पोटात लपवून गप्प बसलं.

ऑगस्टमध्ये सृष्टी परत आली आणि तिने मला उघडलं.

"आजी, लुक! शी इज स्टिल वेअरिंग इट!"

ताईंनी नथ उचलून तळहातावर घेतली. मग त्यांनी दुबईतल्याच देरा भागात राहणाऱ्या मरियमबीला फोन लावला.

"मरियम, नथ सापडली गं. चुकले मी. परत ये."

"सापडली ना? बरं झालं. मी येईनही, ताई. पण माझी पिशवी आता तुमच्या दारात यायची नाही."

ताई आता नथ घालत नाहीत. मला रोज उघडतात, पण एकशे बारावं पान आलं की मिटून ठेवतात.

मित्रांनो, मला धुळीत टाकलंत तरी चालेल. पण कुणाची पिशवी उलटी करण्याआधी आपलं कपाट एकदा नीट बघा. माझ्या त्या पानावर नथीचा खळगा पडला आहे. तो काही आता भरून निघत नाही.