स्टाफरूमचा स्पीकर

धनश्रीला कशाची म्हणून घाण वाटायची नाही. सुरतच्या डिंडोली भागातल्या तिच्या मराठी शाळेत प्रार्थनेचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, तेव्हा त्याचं झाकण उघडायला कुणी तयार होईना. आत उंदरांनी संसार थाटला होता. शिपाई भटूनाना नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहिले. अकरावीतली ही पोरगी मात्र ओढणी कमरेला खोचून फरशीवर बसली. झुरळांचे पंख, लेंड्या, वाळून काडी झालेली एक पाल, सगळं तिनं जुन्या ब्रशनं झाडून काढलं आणि कुरतडलेल्या वायरी जोडायला घेतल्या.

"कसं गं बसवतं तुला इथं?" नाना म्हणाले.

"नाना, वास पाण्यानं जातो," ती म्हणाली आणि पुन्हा आत डोकं घातलं.

तिचे वडील मगन इच्छापोरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. आई प्रमिलाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. दोघंही अमळनेरकडची, लग्नानंतर सुरतेत आलेली. घरात यंत्र म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून धनश्रीनं शेजारपाजारचे मिक्सर नि रेडिओ खोलायला सुरुवात केली. आठवीत असताना विज्ञानाच्या छाया टीचरनी तिला आपल्या घरची सोल्डरिंग गन आणून दिली. "बोट भाजलं तर रडत येऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. बोट भाजलं, पण ती रडत गेली नाही. मग शाळेच्या कॉम्प्युटर रूममधल्या मेलेल्या डब्यांचे सुटे भाग एकमेकांत घालून तिनं दोन-तीन चालू केले, आणि मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक योगेंद्र सर, येईल त्या पाहुण्याला तिचं कौतुक सांगू लागले.

अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाला. आता कोणत्या वर्गातल्या स्पीकरची वायर कुठे तुटली आहे ते ती शोधू लागली. स्पीकरची वायर उलटी जोडली तर तो मायक्रोफोनसारखा आवाज पकडतो, असं तिनं एका व्हिडिओत पाहिलं होतं. एका सकाळी ऑफिसात कुणी नसताना तिनं सहावीच्या वर्गाची वायर एका जुन्या टेपरेकॉर्डरच्या सर्किटमधून ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडली. खरखर झाली आणि मग अख्ख्या वर्गाचा पाढा ऐकू आला. भिंतीवरचा तो मुका डबा ऐकत होता! ती धावतच मोठ्या सरांना घेऊन आली.

सरांनी हेडफोन कानाला लावला. आधी हसले, मग गंभीर झाले.

"कुठल्याही खोलीतलं ऐकू येईल?"

"हो सर. वायर बदलायची फक्त."

"स्टाफरूममधलं?"

"तिथंही स्पीकर आहेच की."

"मग एक बटण बसवून दे बेटा. आजकाल शाळांमध्ये काय काय प्रकार होतात. सुरक्षेसाठी."

धनश्रीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्या डोक्यात फिरत होतं ते फक्त बटण. दिवाळीच्या सुट्टीत तिनं बाकीची मुलं फटाके उडवत असताना बसून गोल फिरणारी एक सुबक चकती तयार केली. वर खोल्यांची नावं लिहिली. चकती फिरवली की खोली बदलायची. आपल्या हातून एवढं नीटस काम याआधी झालं नव्हतं, असं तिला वाटलं.

सुट्टीनंतर एका दुपारी सरांनी तिला वर्गातून बोलावून घेतलं. स्टाफरूममधून येणाऱ्या आवाजात घरघर होती. टेबलावर लोचोची, वाफवलेल्या मऊ चणाडाळीची, डिश होती. वर तेल, शेव, हिरवी चटणी, कांदा. सर बोटांनीच खात होते. धनश्री कॉम्प्युटरच्या मागे वाकली, एक सैल वायर घट्ट केली. घरघर थांबली आणि आवाज काचेसारखा स्वच्छ झाला.

कुणीतरी बाई रडत होती.

"दुसऱ्यांदा गेलं गं उज्ज्वला. चौथा महिना होता. या वेळी मी नावसुद्धा धरलं होतं मनात..." पुढचं हुंदक्यात गेलं. मग पुन्हा, "इथं कुणाला बोलू नकोस. घरी बोलून बोलून थकलेत सगळे, आता इथं नको."

छाया टीचर. धनश्री वाकल्या जागी थिजली.

सरांनी चावणं थांबवलं. "अच्छा! म्हणून बाईसाहेबांना सारखी सुट्टी पाहिजे असते." त्यांनी अंगठा चाटला. ओठाला शेव चिकटली होती. "आवाज जरा वाढव बेटा."

आणि धनश्रीनं आवाज वाढवला. कुणी मीठ मागितलं की आपण द्यावं, तसा तिचा हात गेला आणि बटण फिरलं. टीचरचा हुंदका ऑफिसभर झाला. सरांनी लोचोचा एक लपका उचलून तोंडात टाकला, तेल हनुवटीवर आलं, आणि ते मान डोलावत ऐकत राहिले, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकावी तसे.

"पुढच्या वर्षी हिला घ्यायची की नाही ते बघावं लागेल," ते म्हणाले. मग डिश तिच्याकडे सरकवली. "घे ना. गरम आहे."

"नको सर."

ती बाहेर पडली ती थेट नळावर. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग ते बटण फिरवलेला हात धुतला, साबण नव्हता म्हणून मातीनं घासला. तरी त्याच्यावर तेलाचा थर आहे असंच वाटत राहिलं.

घरी ताट समोर आलं आणि ती उठून गेली.

"काय जयं वं तुले?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "सकायपाईन काही खादं नही."

तिनं सगळं सांगितलं. आईनं हातातला खडा खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "थू! बाईमानूसनं रडनं ऐकस तो? मास्तर शे का कोन शे?"

वडील मात्र घाबरले. "सरनी सांगं, तू करं. तुन्हा काय गुन्हा? बारावी काढनी शे तुले तठेच. गप ऱ्हाय."

"पन वायर तं आपली पोरनी जोडी ना," आई हळूच म्हणाली.

तिला झोप लागली नाही. एक वायर तोडून टाकावी, उंदरांनी खाल्ली म्हणावं, असंही मनात आलं. उंदरांच्या नावावर त्या शाळेत काहीही खपलं असतं. पण मग टीचर उद्याही त्याच खुर्चीवर बसतील, सर उद्याही त्यांच्याकडे बघून मनात हसतील, आणि त्यांना पत्ताही नसेल. हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये गेली. उज्ज्वला टीचर डबा उघडत होत्या, छाया टीचर वह्या तपासत होत्या, राकेश सर मोबाईल बघत होते.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "त्या स्पीकरमधून इथलं सगळं मोठ्या सरांना ऐकू येतं. बटण मी करून दिलंय. आत्ताही ऐकत असतील."

मग राकेश सर ताडकन उठले. "तू केलंस? अक्कल आहे का तुला? लाज नाही वाटली?" उज्ज्वला टीचर स्टुलावर चढल्या आणि टेबलपुसणं स्पीकरच्या तोंडात कोंबू लागल्या, जणू कुणाचं खरंच तोंड दाबत होत्या.

छाया टीचरनी पेन खाली ठेवलं. "काल... तू होतीस तिथं?"

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"हो टीचर." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "आवाज मीच वाढवला. त्यांनी सांगितलं म्हणून."

टीचरनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला वाटलं, त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आपणच वळवळत होतो. मग त्या पर्स उचलून निघून गेल्या.

तेवढ्यात मोठे सर आलेच. "पोरगी खोटं बोलते! ती यंत्रणा सुरक्षेची आहे!" पण ते धापा टाकत आले होते, आणि या खोलीत कोण काय बोललं ते त्यांना कुणी जाऊन सांगितलेलं नव्हतं. हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

स्पीकर खाली उतरल्याशिवाय वर्गावर जाणार नाही, असं शिक्षकांनी सांगितलं. ते उतरवायचं कामही धनश्रीच्याच गळ्यात पडलं. भटूनानांनी शिडी धरली. बाकी कुणी जवळ आलं नाही. संस्थेची माणसं आली, दार लावून बसली, चहा गेला, कप बाहेर आले. शेवटी योगेंद्र सरांची बदली झाली, संस्थेच्याच बारडोलीजवळच्या शाळेत आणि पुन्हा मुख्याध्यापक म्हणूनच. निरोपाला शाल आणि नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेत बसलेली धनश्री उठून पुन्हा नळावर हात धुवायला गेली.

पण खरी शिसारी तिला दुसऱ्याच गोष्टीची आली. एक दिवस राकेश सरांनी तिला जिन्याखाली गाठलं. आजूबाजूला बघून अगदी गोड आवाजात म्हणाले, "तू ऐकत होतीस ना? छाया मॅडम नक्की काय म्हणाल्या गं? आणि माझ्याबद्दल कोण काय बोलायचं?" मग वर्गातल्या मुली आल्या. मग ऑफिसातले क्लार्क. सगळ्यांचं तोंड तसंच दिसायचं, ओठाला शेव चिकटल्यासारखं.

"मला नाही आठवत," ती प्रत्येकाला सांगायची.

कॉम्प्युटर रूमला कुलूप लागलं. किल्ली नव्या सरांकडे गेली. त्यांनी बोलावलं तरी ती गेली नाही.

छाया टीचर त्या दिवशी गेल्या त्या संक्रांतीनंतरच कामावर आल्या. शिकवायच्या पूर्वीसारखंच, पण धनश्रीच्या बाकाकडे बघायच्या नाहीत. तिनं हात वर केला तरी दुसऱ्या कुणाला तरी उभं करायच्या. शेवटी तिनं त्यांच्या प्रॅक्टिकलला जाणंच सोडलं. फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर दोघी फाटकाशी एकट्याच राहिल्या. रिक्षा मिळत नव्हती.

"राकेशला काही सांगितलं नाहीस म्हणे," टीचर रस्त्याकडेच बघत म्हणाल्या.

"नाही."

"उज्ज्वला म्हणते, मी तुझ्याशी बोलायला पाहिजे. तू लहान आहेस, तूच येऊन सांगितलंस, वगैरे." त्या थांबल्या. "मला जमत नाहीये. तू दिसलीस की तो आवाज कसा वाजला असेल त्या खोलीत, हेच डोक्यात येतं."

धनश्रीला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं स्वतःला सोडवून घेणारं होतं.

रिक्षा आली. टीचर आत बसल्या. "उद्या प्रॅक्टिकलला ये," त्या म्हणाल्या. "पुढे बसू नकोस. पण ये."