आता चोळायचं नाही

"मावशी, हात काढा आधी!" नर्स दारातूनच ओरडली, आणि बाह्या सरसावून पुढे झालेल्या आमच्या सासूबाई जागच्या जागी थबकल्या.

सासूबाईंचा उभा जन्म लोकांचे पाय चोळण्यात गेला. मालिश हा त्यांचा धंदा, आणि तोरा तर विचारूच नका! मान अवघडो की घोटा मुरगळो, त्यांच्या मते डॉक्टर म्हणजे उगाच मधे लुडबुडणारा माणूस. त्यात हा पाय नवऱ्याचा. बाबा, म्हणजे माझे सासरे, टपाल वाटायचे, त्याच पायांवर आमचं घर चाललेलं.

सकाळी बाबांच्या मांडीतल्या रक्तवाहिनीतली गुठळी काढली. पांढराफटक, गार पडलेला पाय गुलाबी झाला, तेव्हा आम्ही सासू-सुना आदल्या दिवशीचं भांडण विसरून एकमेकींच्या गळ्यात पडलो. दुपारी तोच पाय टरारून सुजला. पोटरी दगडासारखी घट्ट, आणि बाबा ओठ चावत पडलेले.

"रक्त सुरू झालं ना? मग आता काय धाड भरलीय?" सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना धारेवर धरलं.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण स्टूल ओढून शांतपणे बसल्या. "मावशी, इतका वेळ रक्त नव्हतं, त्यात स्नायू दुखावलेत. आता रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी आल्यात. जंतू मारायचे, मेलेलं साफ करायचं, हे त्यांचं काम. दुखावलेला स्नायू दिसला की त्यांना वाटतं, शत्रूच घुसलाय. मग त्या तुटून पडतात. त्यात चांगलंही भरडलं जातं, सूज वाढते. वर तुम्ही चोळलंत, तर स्नायू आणखी चिरडेल आणि त्यातलं विष अंगभर जाईल."

"म्हणजे आपलीच माणसं?"

"आपलीच. मदतीला आलेली."

"मग त्यांना कुणी आवरत का नाही?"

"आवरणारं खात्रीचं औषध अजून हाती लागलेलं नाही. पोटरी उभी चिरून सुजेला जागा करून द्यायची, एवढंच आम्हाला जमतं. नाहीतर पाय जाईल."

सासूबाईंनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. "चिरा," एवढंच म्हणाल्या.

"अगं, तोवर जरा चोळ ना," बाबा कण्हले.

"नाही म्हणजे नाही. गप पडा." असं म्हणून त्या चक्क स्वतःच्या हातांवर बसल्या. नाक गळत होतं, ते पुसायलाही हात काढेनात. एवढी माया मला त्यांच्याबद्दल कधी वाटली नव्हती.

पाय राहिला. पोटरीतलं बरंच मांस मात्र गेलं, आणि पाऊल लोंबतं ते लोंबतंच. जखमा भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तळव्याला हलकं मालिश करायची परवानगी दिली. त्या दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबा खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून बसलेले. समोर सासूबाई, मांडीवर ते पाऊल.

अंगठा फिरवता फिरवता त्या एकदम थांबल्या. दोन्ही हात उचलून बाजूला घेतले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"वा! काय बरं वाटतंय गं," डोळे न उघडताच बाबा म्हणाले. "तुझ्या हाताची सर कुणाला नाही. अशीच चोळत राहा, थांबू नकोस."

मी तोंड फिरवलं.

"नाही थांबत," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा चोळायला लागल्या.