डाव्या डोळ्याचा निळा

रंगमंचावर एक स्टूल, कोरा कॅनव्हास लावलेला एक फलक, तीन बरण्या, अकरा ब्रश आणि ताई. एवढंच होतं. प्रेक्षागृहात एकशे चाळीस खुर्च्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. हे मी सुरुवातीलाच मोजून घेतलं, कारण चार-दोन तरी रिकाम्या असाव्यात अशी माझी फार इच्छा होती.

नाटक आईवर होतं. लिहिलं ताईने, करणारीही तीच एकटी. आई चित्रकार आहे, आणि ती माझ्या शेजारीच बसली होती.

पहिला अर्धा तास मी ताईच्या चुका शोधल्या. आई ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात न बघता घेते. ताई बघून घेत होती. म्हटलं, सापडली. पण रंग कालवताना आई जीभ गालाच्या आतून फिरवते, ते ताईने इतकं हुबेहूब केलं की मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "अगदी मनात शिरलीये हो हिच्या." माझा नुसता जळफळाट झाला.

मग बाबा गेल्यानंतरचा प्रवेश आला. त्यानंतर तीन वर्षं आईने फक्त निळी चित्रं काढली. ताई कॅनव्हाससमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मला असा निळा हवाय, ज्यात मला कुणी हाक मारणार नाही."

लगेच मान वळवून, नाकातल्या बारीक आवाजात, "आईऽऽ, चहा ठेवू का?"

प्रेक्षागृह खदाखदा हसलं.

ती मी होते. त्या तीन वर्षांत घरात आईजवळ मी एकटी होते. ताई दुसऱ्या शहरात, फोनच्या टोकाला. आईचं जेवण, आईची औषधं, आईचं न बोलणं, सगळं मी पाहिलं. आणि नाटकात माझ्या वाट्याला काय, तर दारामागचा शेंबडा आवाज! मी आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती ताईकडे असं बघत होती, जसं माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

नाटक संपल्यावर रंगपटात ताईभोवती ही गर्दी. मला बघून ती ओरडली, "काय गं प्रयोगशाळा, कसं वाटलं?"

"ते हाकेचं वाक्य तुझं की आईचं?"

"आईचं. फोनवर म्हणाली होती. हो ना गं?"

आई खुर्चीत बसून पाणी पीत होती. "म्हणाले असेन. तू खोदून खोदून विचारायचीस."

"मला कधी नाही सांगितलंस."

"तू विचारलंस कुठे, बाळ? तू 'गोळ्या घेतल्यास का?' एवढंच विचारायचीस."

हे मला फार लागलं. त्या निळ्याला माझीच हाक नको होती, हे मी एकशे चाळीस माणसांत बसून ऐकलं होतं. ते खरं असणं मला परवडणारं नव्हतं.

"त्या निळ्यात मन-बिन काही नाही," मी म्हणाले. "तेव्हा आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मोतीबिंदूने निळा फिका दिसतो, म्हणून ती जास्त घालायची. बस."

ताई चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता थांबली. "मग मोज की. तुझं तेच तर काम आहे."

"मोजेन. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्यातला मोतीबिंदू अजून तसाच आहे. एकेक डोळा झाकून तोच निळा करायला लावेन."

"आई, ऐकतेस ना? आता तुला टेस्ट ट्यूबमध्ये घालणारे ही."

"मोजू दे तिला," आई म्हणाली. "तिला बरं वाटेल."

मी रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन नमुन्यांच्या रंगातला फरक यंत्र आकड्यात सांगतं. तो दोनच्या आत आला तर आम्ही ते डबे एकाच रंगाचे म्हणून बाहेर सोडतो. माझं म्हणणं खरं असेल, तर डाव्या डोळ्याने केलेला निळा बराच जास्त निळा यायला हवा होता. निदान सहाने तरी.

रविवारी सकाळी मी आईला खिडकीपाशी बसवलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. प्रत्येकाने निळ्याचे तीन-तीन ठिपके, आधीचा तिला न दाखवता. आठवणीतून त्या तीन वर्षांतला निळा. आई सुरीने रंग कालवत होती. जीभ गालाच्या आत फिरत होती.

शेवटच्या ठिपक्याला मी विचारलं, "आई, तेव्हा मी हाक मारलेली तुला नको असायची?"

सुरी पॅलेटवर थांबली. "आधी मोज तू," आई म्हणाली, आणि पुन्हा रंग कालवू लागली.

ठिपके वाळल्यावर मी ते सहाही यंत्राखाली धरले आणि दोन्ही डोळ्यांच्या सरासऱ्या काढल्या.

फरक एक पूर्णांक चार आला.