वाल्देमारची घंटा

बेल्मिरोने ब्रेकचं चाक आवळून ट्राम गल्लीच्या तोंडाशी उभी केली. पुढे लिस्बनच्या अल्फामा वस्तीतली ती अरुंद चढण. रूळ एकच, त्यामुळे वरची गाडी खाली उतरून बाहेर पडेपर्यंत थांबणं आलं. कोपऱ्यावर लाल-हिरवी पाटी घेऊन उभा असलेला झेफेरिनो म्हणजे तिथला राजाच.

"वाल्देमार कुठंय रे?" त्याने विचारलं.

"मागच्या गाडीवर."

"मग वहिनींची खिडकी अजून बंदच असणार. तू गेलास की बंद, तो आला की उघडी! मी काही बोलत नाही बाबा. माझं काम नुसतं बघायचं."

बेल्मिरो हसला, पण कानशिलं तापली. हे टोमणे तो कित्येक दिवस ऐकत होता आणि आता ते जिव्हारी लागत होते.

त्याचं घर याच गल्लीत होतं. ट्राम खिडकीला इतकी खेटून जाई, की हात लांबवला तर पडद्याला लागावा. बायको, देओलिंदा, त्याच खिडकीत हल्ली उभी राहायची म्हणे, वाल्देमारसाठी. तो वाल्देमार! मिशांना तेल लावणारा, उतारू बायकांना हात देऊन उतरवणारा. परवा जेवताना सार्डिन माशाचे काटे काढता काढता तिने सहज विचारलं होतं, "वाल्देमार रजेवर आहे का हो?" बेल्मिरोने ताट बाजूला सारलं होतं. विचारावं तर बोभाटा आणि गप्प बसावं तर आतल्या आत जळणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आता हे. घर हातातून जातंय असं त्याला रोज वाटे.

ट्रामवाल्यांच्या घंटेला ज्याची त्याची तऱ्हा असते. पायाखालची कळ दाबायची, पण लय आपली. घरातल्या बायका नुसत्या घंटेवरून सांगत, कोण आलं ते. वाल्देमारच्या दोन जवळजवळ, मग जरा थांबून एक. बेल्मिरोची तऱ्हा मात्र आता कुणाच्या लक्षात नसेल. त्याचे आजोबा खेचरं जुंपलेल्या ट्रामवर होते, वडील विजेच्या. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हापासून घरापुढून जाताना बेल्मिरो कळीवरून पाय उचलून घेई. म्हाताऱ्याची झोप मोडायला नको.

वरची गाडी उतरून गेली. पाटी हिरवी झाली.

आज मात्र बेल्मिरोने ठरवलं होतं. घर जवळ आलं तसा त्याने वेग अगदी कमी केला, आणि पाय कळीवर टेकवला. दोन जवळजवळ. थांबून एक.

आत घाईघाईने पावलं वाजली. खिडकी धाडकन उघडली.

खिडकीत त्याचे वडील होते. अंगात जुना निळा कोट, डोक्यावर ट्रामवाल्याची टोपी. मागून देओलिंदाने दोन्ही काखांत हात घालून त्यांना सावरलं होतं आणि त्या ओझ्याने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हाताऱ्याने हात टोपीला लावून सलाम केला. मोतीबिंदूने पांढरे पडलेले डोळे बेल्मिरोवरच रोखलेले होते.

"आलास का रे वाल्देमारा? रूळ ओले आहेत, बरं का. वर वळणावर वाळू सोड, नाहीतर घसरशील."

बेल्मिरोने ब्रेकचं चाक आवळून गाडी थांबवली.

"तू मोठ्या मनाचा आहेस पोरा," म्हातारा म्हणाला. "माझाही मुलगा याच रुळांवरून जातो. पण मुकाट्याने. अंथरुणावर पडलेल्या बापाची लाज वाटत असेल त्याला."

देओलिंदाने तेवढ्यात वर पाहिलं. तिचे ओठ उघडले. बेल्मिरोने तिच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली, आणि ती बोलता बोलता थांबली.

"सोडतो वाळू, काका," बेल्मिरो आवाज बदलून म्हणाला.

त्याने गाडी पुढे काढली. वाल्देमारचा हेवा वाटायचा थांबला नव्हता. उलट आता तो जास्तच वाटत होता. तो सलाम इतके दिवस वाल्देमारला मिळत होता, आणि आपण जपून, पाय उचलून, त्याच खिडकीखालून जात होतो.

वळणावर त्याने वाळू सोडली. चाकांखाली ती कुरकुरली. तेवढ्यात खालून, घराच्या बाजूने, खऱ्या वाल्देमारची घंटा ऐकू आली. दोन जवळजवळ, मग एक.

आता म्हातारा विचारणार होता, मग मघाशी कोण गेलं म्हणून. आणि देओलिंदाला खोटं बोलता येत नाही, हे मधले संशयाचे काही दिवस सोडले तर बेल्मिरोला पहिल्यापासून ठाऊक होतं.