चंद्रावरचा आळ

देवाधर्मातल्या बऱ्याच गोष्टी सरिताने जेद्दात येऊन सोडल्या, आणि सोडताना फारसं वाईटही वाटून घेतलं नाही. संकष्टी डायलिसिस वॉर्डाच्या ड्युटीत बुडाली. सोमवार कँटीनमध्ये सुटला. दिवेलागणीला केर काढला की लक्ष्मी जाते, हे भाड्याच्या घरात कोण पाळतंय? पण एक गोष्ट तिने घट्ट धरून ठेवली होती. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी ती मान वर करत नसे. घरात नवऱ्याने, विजयने, हळदीचा इवलासा गणपती कपाटात बसवलेला असे, आणि ही बाई हॉस्पिटलच्या दारापासून गाडीपर्यंत फरश्या बघत चालत असे.

गाडी मैमुनाची. मैमुना हर्णैची, त्याच हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर. दोघी रोज बरोबर परतत. त्या दिवशी मगरिबची, सूर्यास्ताची अजान नुकतीच होऊन गेली होती. हवेत बारीक धूळ तरंगत होती आणि समुद्र नि आभाळ एकाच फिक्या गुलाबी रंगाचं झालं होतं. रस्ता कुठे संपतो, पाणी कुठे लागतं, काही कळेना. सगळं शहर झोपेत बोलल्यासारखं मऊ वाटत होतं.

सरिताने डोळ्यांवर ओढणी ओढली तशी मैमुना हसली. म्हणाली, आम्ही ईदच्या चंद्रासाठी गच्चीवर चढून डोळे फोडून घेतो, आणि तू त्याच चंद्राला बुरखा घालतेस. सरिताने तिला शापाची गोष्ट सांगितली. गणपती उंदरावरून पडला, चंद्र हसला. आज त्याला जो पाहील त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येईल, असा शाप मिळाला. प्रत्यक्ष कृष्णसुद्धा त्यातून सुटला नाही. हे सांगताना तिचा आवाज तिचा तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

तेवढ्यात फोन वाजला. दर चतुर्थीला येतो तसा अहिल्याताईचा आवाजातला निरोप होता. सरिताने तो सवयीने लावला आणि आवाज गाडीभर पसरला.

"सरू, आज चंद्र बघू नको हां. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, सगळं लख्ख दिसतंय. पण मी आपली दार लावून बसलेय. तेव्हा एकदा पाहिला आणि जन्माचं भोगलं."

काय भोगलं, हे मैमुनाने विचारलं. सरिताने घरात सांगायची तशीच गोष्ट सांगितली. अहिल्या ही काकूची भाची. हुशार पोर, म्हणून देवरुखला सरिताच्या घरी शिकायला आणलेली. सातवीत होती. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कळलं, की गौरीला घालायची काकूची मोत्यांची नथ डब्यात नाही. डबा पुसायला अहिल्यानेच काढला होता. आजोबांनी विचारलं, काल चंद्र पाहिलास का? तिने खरं सांगितलं, दोरीवरचे कपडे काढताना दिसला. झालं. आजोबांनी उतारा म्हणून तिला कृष्णावरच्या आळाची कथा वाचून दाखवली. काकूने मात्र तिची ट्रंक बाहेर काढली. गौरी गेल्या त्या दिवशी अहिल्याही राजापुराकडे आपल्या गावी गेली. शाळा सुटली ती सुटलीच. आता त्याच गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते.

मैमुना सिग्नलला थांबली होती. तिने सहज विचारलं, "मग नथ घेतली कोणी?"

सदतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारायचं कारणच पडलं नव्हतं, उत्तर चंद्राने परस्पर देऊन टाकलं होतं.

सरिताला देवरुखची विहीर दिसली. भाद्रपदातली, काठोकाठ भरलेली. आभाळातला चंद्र बघायचा नाही ना, मग पाण्यातला चालेल, ही नऊ वर्षांच्या पोरीची वकिली. नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून नथ नुसतीच नाकपुडीला अडकवलेली. पाण्यात आपण कशा दिसतो ते बघायला ती वाकली. चंद्र फुटला, डुचमळला आणि सावकाश पुन्हा जुळला. नथ वर आली नाही.

मी चंद्र पाहिला म्हणून हे झालं, असं तिने त्या रात्री पांघरुणात स्वतःला सांगितलं. आळ यायचा होता माझ्यावर, पत्ता चुकून गेला ताईवर. बाकीचे सगळे देव तिने हसत सोडले, पण हा एक चंद्र सोडणं तिला परवडणारं नव्हतं. तो निर्दोष सुटला असता, तर दोषी कोण ते उघड होतं.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

मैमुनाने गाडी कॉर्निशच्या, समुद्रकाठच्या रस्त्याच्या, कडेला घेतली. सरिता उतरली, कठड्याशी गेली आणि मान वर केली. समुद्रावर चंद्र होता. धुळीने पिवळसर झालेला, काकडीच्या फोडीएवढा, पाठीवर पडून झुलत असलेला. किती साधा होता. तिला रडू आलं. आळ येण्याची भीती आता उरली नव्हती. खऱ्याला कोणी आळ म्हणत नाही.

तिने व्हिडिओ कॉल लावला. अहिल्याताई खाटेवर बसली होती, काळा चष्मा लावून.

"ताई, नथ मी घेतली होती. विहिरीत पडली. तू नव्हतीस गं."

सरिताला वाटलं, आता शिवी यावी, फोन बंद व्हावा, काहीही व्हावं. अहिल्याताईने चष्मा काढला.

"आणि मी चंद्र पाहिला, त्याचं?"

"त्याचं काही नव्हतं, ताई."

अहिल्याताईने उठून दार उघडलं, आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथला मावळला. तिकडे आहे का अजून? दाखव."

सरिताने कॅमेरा फिरवला. पडद्यावर एक पांढरा ठिपका.

"बिचारा," अहिल्याताई म्हणाली. "सदतीस वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली. आधी त्याची माफी मागू दे. तुझं काय करायचं ते नंतर बघते."

सरिताचा हात भरून आला. तिने फोन खाली घेतला नाही.