आम्रपालीची एस्प्रेसो आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, स्वस्तातली एस्प्रेसो मशीन आहे. अंग प्लास्टिकचं, पोटातली पाणी तापवायची जागा मुठीएवढी. कारखान्यातून निघाले ती कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून गेले आणि पाच वर्षं खोक्यातच पडून राहिले. तिथून मला आम्रपालीने घेतलं. पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात तिने सात वर्षं मोठ्या मशीनवर काम केलं होतं. ते दुकान बंद पडलं, तशी ती मला मांडीवर घेऊन परळीला आईकडे, मालनबाईंकडे परतली.

स्टेशनसमोर आप्पारावांचा एक गाळा रिकामा होता. आप्पाराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. सिकंदराबादला जाऊन-येऊन त्यांची जीभ कॉफीला सोकावलेली. आम्रपालीने गाळा मागितला तेव्हा ते म्हणाले, "झेरॉक्सवालाबी मागायलाय. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येतो. कॉफी पाजा. जमली तर गाळा तुमचा."

आम्रपालीने पुण्याच्या दुकानात वापरायचे तसेच महागाचे, फिके भाजलेले दाणे मागवले. हातचक्कीवर दळले. मी सगळा जोर लावला, तरी कॉफी उतरली ती चिंचेच्या पाण्यासारखी आंबट.

"ताई, हे डबडं भंगारात दे," तिचा भाऊ सौरभ म्हणाला. "मशीनच बेकार हाय."

मला वाटलं, संपलं आपलं.

"मोठी मशीन फिक्या दाण्यातूनबी गोडवा काढायची," आम्रपाली म्हणाली. "हिच्यात तेवढा दम न्हाई. मग हिला झेपल असा दाणा आणते. मशीन हीच राहील."

बाजारातून तिने काळेकुट्ट, तेलकट दाणे आणले. पाकिटावर भाजल्याची तारीखच नव्हती. मालनबाईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "थर्मलच्या चिमणीची राख मी रोज ओट्यावरून पुसायले. आता ती प्यायचीबी का?"

आम्रपाली हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि चिकमंगळूरच्या एका कॉफी भाजणाऱ्या भट्टीवाल्याला फोन लावला. आपली मशीन लहान आहे, चक्की हाताची आहे, हे काही न लपवता सांगितलं. मध्यमपेक्षा थोडे गडद भाजलेले, थोडा रोबस्टा, म्हणजे कडक जातीचा दाणा, मिसळलेले दाणे त्याने पाठवले. पाकिटावर तारीख होती. पण पाकीट पोचलं गुरुवारी, आणि दाणे भाजून झाले होते अवघे तीन दिवस. ताज्या दाण्यांत वायू भरलेला असतो. माझ्या तोंडातून फसफस फेस उडाला, खाली पडली ती पातळ, तिखट धार.

ठरलेल्या रविवारी आप्पाराव घरी येऊन खुर्चीवर बसले.

"आज न्हाई पाजणार, काका," आम्रपाली म्हणाली. "दाण्याला अजून आठवडा लागतो."

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पारावांनी चष्मा काढला. "झेरॉक्सवाला दारात उभाय, बाई."

"त्याला द्यायचा तर द्या. पण वाईट कॉफी मी तुमाला देणार न्हाई."

आप्पाराव चष्मा पुन्हा लावून उठून गेले. पुढचा आठवडाभर आम्रपाली रोज एकदा दळायची, चाखायची आणि पूड बारीक व्हावी म्हणून चक्कीचा दात थोडा घट्ट करायची. सहाव्या दिवशी माझ्या तोंडातून मधासारखी जाड, तांबूस धार उतरली. मला स्वतःलाच खरं वाटेना.

रविवारी सकाळी आप्पाराव आपल्या पायांनी आले. घोट घेतला. दुसरा घेतला. कप रिकामा करून म्हणाले, "झेरॉक्सवाल्याला कालच न्हाई म्हणलो. थांबा म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. कधी उघडताव?"

आता मी गाळ्यात असते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी साधी मशीन असेल, तर तिला टाकून देण्याआधी दाण्याच्या पाकिटावरची तारीख वाचा. तिला झेपेल असा दाणा द्या. आणि काम झाल्यावर तिची दूध फेसाळायची वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसा. दूध वाळलं की आमचा श्वास कोंडतो.