साक्षीला बसलेली गाडी

करजगीच्या महेशकुमारने गाडीच्या काचेला कॅमेरा बसवला तो कामासाठी. कलबुर्गीतल्या एका डाळ मिलला महिन्याच्या कराराने गाडी हवी होती आणि मिलची अट एकच होती: पुढच्या काचेवर चालू कॅमेरा पाहिजे. गाडी सोमवारी दुपारपर्यंत मिलच्या दारात आली नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. सोमवार उजाडला तेव्हा गाडी निंगप्पा आणि तिप्पण्णा यांच्या शेतांमधल्या बांधावर उभी होती आणि तिला हलवायला गावाची परवानगी नव्हती.

सुरुवात एका म्हशीपासून झाली. बसथांब्यावर टेम्पोने म्हशीला धडक दिली, असं म्हशीच्या मालकाचं म्हणणं होतं. महेशकुमारची गाडी नेमकी टेम्पोच्या मागे होती. पंचांनी कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर पाहिलं. टेम्पो उभा होता. म्हैस बाजूने चालत आली, थांबली, टेम्पोकडे नीट बघितलं आणि त्याच्या दारात शिंग घातलं. मालकानेही मान्य केलं की ही तिची जुनी खोड आहे.

पंचांचे प्रमुख लिंगाप्पा त्या दिवशी म्हणाले, "असा साक्षीदार जन्मात बगितला न्हाई. कुणाचा सोयरा न्हाई, कुणाच्या घरचं जेवला न्हाई, जमिनीत वाटा न्हाई."

करजगीत वाटणी असो, सोयरीक असो की बांधाचा वाद, मधोमध एक साक्षीदार बसवतात. त्याच्या कपाळाला विभूती लावतात, खांद्यावर शाल टाकतात, हातात नारळ देतात आणि त्याला घोंगडीवर बसवतात. बोलणं संपेपर्यंत त्याने उठायचं नसतं. साक्षीदार उठला की झालेलं बोलणं मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. कित्येक वर्षं या घोंगडीवर शिवशंकरप्पा बसत. म्हशीच्या प्रकरणानंतर गावाने गाडीला बोलवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा एका सोयरिकीत गाडी अंगणात उभी राहिली. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले गेले, टपावर शाल आली, पुढच्या चाकांखाली घोंगडी आली. सोयरीक तासाभरात जमली. मग एक वाटणी झाली, तीही भांडण न होता. महेशकुमारला हे सगळं बरं वाटत होतं. मग बांधाचा वाद आला.

निंगप्पाचं म्हणणं, तिप्पण्णा बांधाचा दगड सरकवतो. तिप्पण्णाचं म्हणणं, निंगप्पा सरकवतो. सर्व्हेअर येऊन मोजणी करेपर्यंत साक्षीदार बांधावर बसवायचा असं ठरलं. गाडी दगडाकडे तोंड करून उभी केली. सर्व्हेअर उद्या येणार होता. मग परवा. मग त्याचा फोन लागेना.

सोमवारी सकाळी महेशकुमार बांधावर गेला. पंच तिथेच बसले होते. तिप्पण्णाची बायको शरणम्मा सगळ्यांना चहा देत होती. तिने सवयीने एक कप बॉनेटवरही ठेवला.

"अण्णा, मला गाडी न्यायची हाय. आज कामाचा दिवस हाय," महेशकुमार म्हणाला.

"ने की," लिंगाप्पा म्हणाले. "सर्व्हेअर आला की ने."

"कॅमेरा काढून ठिवतो हितं. मग तर झालं?" तो म्हणाला खरा, पण कॅमेऱ्याशिवाय मिलमध्ये कोण उभं करणार, हे त्याला बोलल्यावर आठवलं.

"डोळा ठिवून माणूस घरला जातो का रे?" निंगप्पा म्हणाला. "साक्षीला गाडी बसलीया. डोळा तिचा हाय."

महेशकुमारने हातातला कप खाली ठेवला. एक गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली तर गाडी सुटेल. पण गाडीच्या साक्षीने झालेली सोयरीक आणि वाटणी दोन्ही मोडतील आणि दोन्ही घरं त्याच्या दारात येतील. त्याने उन्हाकडे बघितलं. कलबुर्गीचा रस्ता लांब होता.

"अण्णा," तो म्हणाला, "गाडी बंद असली की कॅमेरा बंद ऱ्हातोय."

"म्हंजे?"

"म्हंजे त्यानं काईच बगितलं न्हाई. सोयरीक न्हाई, वाटणी न्हाई, ह्यो दगड न्हाई. झोपलाय तो."

लिंगाप्पा हसायला लागले.

"आणि शिवशंकरप्पा काय जागं असायचे? माझ्या वाटणीत घोरत होते. माझा भाऊ वरडून वरडून बोलायलाय, आन् ह्यांचं डोस्कं नारळावर. ती वाटणी आजबी टिकून हाय."

"पण हितं कसं चालंल?" तिप्पण्णा तावातावाने म्हणाला. "हा झोपला, आन् दगड सरकला म्हंजे?"

"सरकला का?" लिंगाप्पांनी विचारलं.

तिप्पण्णाने दगडाकडे पाहिलं. निंगप्पानेही पाहिलं. दोघांनी दोन बाजूंनी अंदाज घेतला.

"न्हाई सरकला," तिप्पण्णा म्हणाला.

"मग बग. झोपून एवढा दरारा हाय. जागा असता तर दोघंबी गाव सोडून गेला असता." लिंगाप्पा महेशकुमारकडे वळले. "साक्षीदाराचं काम बसायचं असतंय, लेकरा. बगायचं काम लोकांचं."

खरं बोलूनही गाडी जागची हलली नव्हती. आता एकच रस्ता होता. घोंगडीवर दुसरा साक्षीदार बसला तर पहिल्याला उठता येतं, एवढी सवलत रिवाजात होती. महेशकुमार तडक शिवशंकरप्पांच्या घरी गेला.

शिवशंकरप्पा कट्ट्यावर भिंतीला टेकून बसले होते.

"शरणु, अप्पा. बांधावर चला. माझ्या गाडीच्या जागी बसा."

"कामून? गाडी थकली व्हय?" ते म्हणाले. "टपाला शाल टाकली म्हणं. माझ्या खांद्याला काय किडं पडलं होतं?"

"चुकलं, अप्पा. मी बलवायला आलोय."

"तू कोण बलवणारा? तू बसला होतास का साक्षीला? उठणाऱ्यानं बसणाऱ्याला बलवायचं असतंय. माझ्या बापाला आधीच्या साक्षीदारानं येऊन बलवलं होतं. गाडीला यिऊ दे."

"ती कशी यील, अप्पा? उठली तर साक्ष मोडती."

"ते तिनं बगावं."

महेशकुमार परत बांधावर आला. सूर्य वर चढला होता. त्याने दार उघडलं आणि हॉर्न दाबला. इतके दिवस उभी राहून बॅटरी उतरली होती. घसा बसलेल्या माणसासारखा आवाज निघाला. शिवशंकरप्पांचं घर ओढ्याच्या पलीकडेच होतं. ते कट्ट्यावर उठून उभे राहिलेले दिसले, पण पाऊल टाकेनात.

"एकदाच? शेळी हाकलायली काय?" त्यांची हाक आली.

महेशकुमारने पुन्हा दाबला, थोडा जास्त वेळ, शेवटी हळूच सोडत. शिवशंकरप्पांनी ऐकून घेतलं, उपरणं नीट केलं आणि ते निघाले.

"आता कसं, नम्रपणानं बोलली," बांधावर येऊन ते म्हणाले.

घोंगडी चाकांखालून काढायला गाडी हलवावी लागली असती, म्हणून तिचं मोकळं टोक बाजूला पसरलं. शिवशंकरप्पा त्या टोकावर बसले. काही क्षण दोन्ही साक्षीदार एकाच घोंगडीवर होते. शाल टपावरून त्यांच्या खांद्यावर आली. विभूती लावून होईस्तोवर त्यांचे डोळे मिटले होते.

चौघांनी धक्का दिला आणि गाडी सुरू झाली. महेशकुमार वळवायला लागला तशी लिंगाप्पांनी काठी आडवी घातली. "पंचाला पाठ दावून जातास व्हय?"

म्हणून तो उलटा निघाला. शेतातून, ओढ्याच्या कडेने, थेट डांबरी रस्त्यापर्यंत गाडी मागे मागे गेली आणि समोर हॉर्न ऐकून जमलेलं सगळं गाव हात जोडून पायी चालत आलं. आता कॅमेरा चालू होता.

मिलच्या दारात तो पोचला तेव्हा दुपार टळायला आली होती. मिलचं काम बघणाऱ्या सुधारानी मॅडम निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी अटीप्रमाणे कॅमेरा तपासायला आजचं चित्रण सुरुवातीपासून उघडलं. पन्नासेक माणसं हात जोडून चालत होती आणि हळूहळू लहान होत होती. मागे बांधावर एक म्हातारा शाल पांघरून झोपला होता.

"हे लोक कुणाला हात जोडायलेत?"

"गाडीला, मॅडम. ती गावात साक्षीला बसली होती."

त्याने सगळं सांगितलं. दगड आपल्या जागी राहिला हेही सांगितलं. सुधारानी मॅडम बराच वेळ बॉनेटवरच्या तीन पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वजनकाट्याकडे बोट केलं. तिथे एक अडत्या आणि दोन हमाल एकमेकांवर ओरडत होते.

"काम तुमचं," त्या म्हणाल्या. "गाडी तिथं लावा, काट्याकडं तोंड करून. रोज सकाळी आणायची, संध्याकाळी न्यायची. कुठं फिरवायची नाही."

"पण मॅडम, बंद गाडीत कॅमेरा चालत नाही."

"ते इथं कुणाला सांगू नका," सुधारानी मॅडम म्हणाल्या आणि शिपायाला घोंगडी आणायला पाठवलं.